पडू न दिलेले मार्क

माझ्या मुलीला फुटबॉलमध्ये सात मार्क पडले, म्हणून मी तिचा फुटबॉल बंद केला.

हे मी पूर्ण शुद्धीत लिहितोय. त्या दिवशीही मी शुद्धीतच होतो, पंचाईत तीच आहे. मी कतारमध्ये एका बांधकाम कंपनीत सेफ्टी ऑफिसर आहे. म्हणजे दिवसभर लोकांना हेल्मेट घाला, हेल्मेट घाला म्हणून सांगतो आणि संध्याकाळी घरी येऊन, इथेही आपलं कुणी ऐकत नाही याची खात्री करून घेतो. बायको सुप्रिया एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे, तिला शनिवारी ड्युटी असते. मुलगी मनू अकरा वर्षांची. तिला मराठी सगळं समजतं, पण मराठीत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर इंग्रजीत येतं.

तिला फुटबॉलला घातलं ते इक्बालभाईंच्या सांगण्यावरून. इक्बालभाई मूळचे रत्नागिरीचे. अल रय्यान भागात आमच्याच मजल्यावर राहतात आणि गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटर सांभाळतात. त्यांची झारा आणि आमची मनू एकाच वर्गात. ऑस्ट्रेलियन लोकांनी चालवलेला क्लब आहे, त्यांचा फुटबॉल जरा वेगळा असतो, असं त्यांनी मला सांगितलं होतं. मी म्हटलं, असू दे. लाथ मारायची आणि पळायचं, त्यात वेगळं ते काय असणार? दर शनिवारी सकाळी इक्बालभाई घडीची खुर्ची घेऊन मैदानाच्या कडेला बसायचे. मी पार्किंगमध्ये गाडीतच बसून इथला दाट करक चहा पीत कऱ्हाडला आईशी व्हिडिओ कॉल करायचो. गाडीतून मैदान दिसत नव्हतं. (दिसत होतं. मान वळवावी लागली असती.)

तर अशाच एका शनिवारी मनू घामाघूम होऊन गाडीत बसली आणि म्हणाली, "बाबा, आय टुक सेव्हन मार्क्स टुडे!"

मी आधी तिची भाषा दुरुस्त केली. मार्क घेत नाहीत, मार्क पडतात. मग आमच्या घराण्याच्या रक्तात असलेला प्रश्न विचारला, "आउट ऑफ किती?"

"देअर इज नो आउट ऑफ, बाबा."

आउट ऑफ नाही! माझे वडील, म्हणजे अण्णा, हायस्कूलात गणित शिकवायचे. किराणामालाची यादीसुद्धा ते लाल पेनानं तपासायचे. अशा घरात वाढलेल्या माणसाला आउट ऑफ नसलेले मार्क म्हणजे मजले न सांगता बिल्डिंगची उंची सांगण्यासारखं. मी विचारलं, बाकीच्यांना किती पडले? झाराला दोन. बऱ्याच जणींना एकही नाही. सगळ्यांत जास्त कोणाला? तर मनूलाच. म्हणजे सातवर ही पहिली! वर्गच्या वर्ग नापास होतोय आणि मैदानावर टाळ्या वाजतायत.

इक्बालभाईंना विचारून मला हे दोन मिनिटांत निस्तरता आलं असतं, असं आता सगळे म्हणतात. पण त्यांच्या झाराला दोनच मार्क पडलेले. बिचारे आठवडाभर कसेबसे सावरले असतील, आपण कशाला विषय काढा? मी फार हळव्या मनाचा माणूस आहे. लिफ्टमध्ये ते भेटले की मी मुद्दाम हवेवर बोलायचो.

पुढच्या शनिवारी मनूला पाच पडले. त्याच्या पुढच्या शनिवारी चार. मी गप्प बसलेला पाहून तिनंच मला धीर दिला. ती म्हणाली, मार्क कमी झाले पण कोच म्हणतात, माझे वन पर्सेंटर्स टीममध्ये बेस्ट आहेत.

वन पर्सेंट. एक टक्का. आणि तोही टीममध्ये सर्वोत्तम.

मी संध्याकाळी सुप्रियाला म्हणालो की पोरगी एक टक्क्यावर आली. ती म्हणाली, "अरे, खेळात कसले मार्क?" मी म्हटलं, तेच तर, खेळातसुद्धा पडत नाहीत. तिनं मला मनूशीच नीट बोलून बघायला सांगितलं. पण ज्या माणसाला रोज अपघाताचे रिपोर्ट लिहायची सवय असते, तो असा सरळ बोलायला जात नाही. मी कोचला सविस्तर मेसेज लिहिला. घसरणीचं मूळ कारण काय, त्यावर उपाययोजना काय, ती कोणत्या तारखेपर्यंत पूर्ण होणार, आणि शक्य असल्यास पेपर बघायला मिळावा.

कोच ग्लेन हा मोठा दिलखुलास माणूस. त्याचं उत्तर पाच मिनिटांत आलं. त्याचा मथितार्थ असा की, मित्रा, काळजी करू नकोस, ती नुसती उडतेय! आणि मार्कांचं काय घेऊन बसलास, थोर थोर खेळाडूंनाही एखाद्या दिवशी एकसुद्धा मार्क मिळत नाही.

आता आमच्याकडे विषय उडतात. माझ्या मावसभावाचे दहावीला दोन उडाले होते, तो अजून लग्नाकार्यात मागच्या रांगेत बसतो. इथे साक्षात शिक्षक लिहून देतोय की मुलगी उडतेय, आणि वर समजूत घालतोय की शून्य मार्कवाले थोर होतात. मी फोन ठेवला आणि मनूला बोलावून सांगितलं, "खलास. फुटबॉल बंद. शनिवारी आता गणिताचा क्लास."

ती रडेल अशी माझी तयारी होती. ती रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "कॅन आय स्टिल डू द स्पीच?"

येत्या शुक्रवारी इथल्या मराठी मंडळींच्या मुलांची भाषणस्पर्धा होती. विषय 'माझा आवडता खेळाडू', आणि अट एकच, बोलायचं मराठीत. दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, दुबईच्या टीमबरोबर सीझनचा शेवटचा सामना होता. त्या सामन्याबद्दल तिनं एक अक्षर काढलं नाही. मी भाषणाला मोठ्या मनानं परवानगी दिली.

तो आठवडा फार शांत गेला. रोज सकाळी शाळेत सोडताना मी काहीबाही विचारायचो आणि ती "ओके" किंवा "फाइन" म्हणायची. शनिवारी गाडीत ती किती बोलायची हे मला तेव्हा आठवलं. ते मी कधी ऐकलं नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. ती माझ्यावर रागावली असती तर बरं झालं असतं. ती माझ्याशी नम्रपणे वागत होती, आणि अकरा वर्षांच्या मुलीनं बापाशी नम्रपणे वागणं यासारखी वाईट गोष्ट नाही.

शुक्रवारी दुपारी हॉल भरला. सुप्रियाच्या आग्रहावरून इक्बालभाई आणि झाराही आले होते आणि माझ्या शेजारीच बसले होते. मनूच्या आधी चार मुलांनी चार क्रिकेटपटू सांगितले. मग मनू माइकपुढे आली आणि तिनं एका ऑस्ट्रेलियन खेळाडूचं नाव घेतलं. (ते मी इथे लिहीत नाही, कारण मला ते अजूनही म्हणता येत नाही.)

"तो ग्रेट का आहे ते मी सांगणार," ती म्हणाली. "सगळे बोलतात, तो खूप मार्क घेतो म्हणून. मार्क म्हणजे, लांबून कोणी बॉल किक करतो, तो हवेत असतो, आणि आपण उडी मारून पकडायचा. खाली पडायच्या आधी. पडला तर तो मार्क नाही."

मी हळूच इक्बालभाईंकडे वळलो. मार्क म्हणजे नक्की काय, असं मी त्यांना कुजबुजत विचारलं.

"क्याच हो," ते म्हणाले. "क्याच घेतला की त्याला मार्क बोलतात. तुमची मनू काय उडते, माशाल्ला! तुम्ही बघितलं नाय कधी?"

मी पुन्हा समोर बघू लागलो. सात झेल. माझ्या पोरीनं एका सकाळी सात झेल घेतले होते, आणि मी तिला शिकवत होतो की मार्क पडले पाहिजेत.

"पण मार्क सगळ्यांना दिसतात," मनू पुढे म्हणाली. तिला शब्द सापडत नव्हते, पण ती थांबत नव्हती. "तो ग्रेट आहे कारण तो वन पर्सेंटर करतो. एक टक्का. छोटी छोटी कामं. म्हणजे फ्रेंड बॉल घेऊन पळतो, तेव्हा आपण मध्ये जायचं, कोणी त्याला पकडू नये म्हणून. दुसऱ्या टीमचा माणूस किक मारतो, तेव्हा त्याच्या पायावर आपले हात टाकायचे. खूप लागतं. त्याचे पॉइंट नाही मिळत. बोर्डवर नाव नाही येत. कोणी बघत पण नाही. तो तरी पण करतो. कोणी बघत नाही तरी पण. म्हणून तो ग्रेट आहे. थँक यू. सॉरी, धन्यवाद."

टाळ्या झाल्या. परीक्षकांनी 'माणूस किक मारतो' बद्दल भाषेचे मार्क कापले. मला मात्र तिथे बसवेना. 'कोणी बघत पण नाही' हे ती त्या खेळाडूबद्दल बोलली होती, माझ्यावर तिचा काही रोख नव्हता, आणि त्यामुळेच ते मला जास्त लागलं. मला लाज वाटली. मार्कांचा घोळ कुणाचाही झाला असता. पण आख्खा सीझन मी पन्नास पावलांवर बसलो होतो.

समोशांच्या टेबलापाशी मी तिला गाठलं आणि सगळं कबूल केलं. मार्क, एक टक्का, उडणं, सगळं. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. हसून झाल्यावर ती म्हणाली, "बट बाबा, तू नुसतं बघायचं ना."

मी तिथूनच ग्लेनला फोन लावला आणि मनू उद्या खेळली तर चालेल का, असं अजिजीनं विचारलं. तो म्हणाला की त्यानं यादीतून तिचं नाव काढलंच नव्हतं. माझा मेसेज त्यानं क्लबातल्या बाकीच्या कोचना वाचून दाखवला होता, त्याला वाटलं मी विनोदी माणूस आहे.

शनिवारी मी गाडीतून उतरलो. इक्बालभाईंनी माझ्यासाठी दुसरी खुर्ची आणली होती आणि मला नियम सांगायला घेतले. मैदान लंबगोल, चेंडूही लंबगोल. दोन्ही टोकांना चार चार खांब. मधल्या दोन खांबांमधून चेंडू गेला की सहा पॉइंट, बाजूच्या फटीतून गेला तर एक.

"म्हणजे नेम चुकला तरी एक?" मी विचारलं.

"चुकला तरी एक," ते म्हणाले. मला अण्णांची आठवण झाली. त्यांना हा खेळ अजिबात पटला नसता.

पहिली दहा मिनिटं मला मनू सापडतच नव्हती. मी चेंडूकडे बघत होतो आणि ती चेंडूपाशी नसायची. मग लक्षात आलं की चेंडू जिथे आता जाणार आहे तिथे ती आधीच धावत असते. एकदा झारा चेंडू घेऊन पळाली. दुबईची एक थोराड मुलगी तिच्यावर धावून आली, आणि मनू मध्ये घुसली. दोघी धाडकन आदळल्या. (सेफ्टी ऑफिसरनं डोळे मिटले.) उघडले तेव्हा झाराचा गोल झाला होता आणि सगळ्या पोरी तिच्या गळ्यात पडल्या होत्या. मनू एकटी उठली, गुडघ्याचं गवत झटकलं आणि आपल्या जागेवर गेली. तिनं इकडेतिकडे बघितलंही नाही. माझे डोळे भरून आले. इक्बालभाई म्हणाले, "ह्यो गोल झाराचा नाय, मनूचा."

यानंतर मला चेव चढला. आख्ख्या सीझनची भरपाई एका सकाळीत करायची होती. तेवढ्यात मधली सुट्टी झाली आणि इक्बालभाई चहा आणायला गेले, ते रांगेतच अडकले. या खेळात सुट्टीनंतर टीम टोकं बदलतात, हे मला सांगायचं त्यांच्याकडून राहून गेलं होतं. आमच्या पोरींचे शर्ट मरून रंगाचे, दुबईचे लाल, आणि एव्हाना सगळे सारखेच मातकट झालेले. डावीकडचे खांब आपले, एवढं मी पक्कं धरून ठेवलं होतं. डावीकडे गोल झाला की मी उभा राहून ओरडत होतो. शिट्ट्या मारल्या. एकदा तर खुर्चीवर चढलो. आजूबाजूचे पालक हळूहळू माझ्यापासून लांब सरकले, तेव्हा मला वाटलं की मला मोकळी जागा देतायत.

आम्ही हरलो. सामना संपल्यावर दुबईच्या टीमची कोच, एक उंच बाई, मुद्दाम मैदान ओलांडून माझ्याकडे आली आणि तिनं माझा हात हातात घेतला. ती म्हणाली, आमचे बहुतेक पालक इतक्या लांब येऊ शकले नाहीत, तुम्ही आमच्या मुलींना फार आधार दिलात. तुमची मुलगी यातली कोणती?

मी मरून शर्टातल्या सोळा नंबरकडे बोट दाखवलं.

बाईंनी शर्ट बघितला, मग मला बघितलं, आणि पोट धरून हसल्या. मग एकदम गंभीर झाल्या. म्हणाल्या, त्या सोळा नंबरनं सकाळभर आम्हाला सुखानं एक किक मारू दिली नाही. तिचं नाव बोर्डवर दिसणार नाही, पण मोठी झाली की लोक तिचं नाव काढतील.

घरी जाताना मी ते सगळं शब्दन् शब्द मनूला सांगितलं. मग तिनं मराठीत विचारलं, "खरंच असं बोलली ती?"

मी म्हटलं, खरंच. मुलीच्या खेळाचं मी तिच्यापाशी केलेलं हे पहिलं कौतुक, आणि तेही मी विरुद्ध टीमच्या गोलांवर नाचून मिळवलेलं होतं.