खिडकीतले भाऊ

भाऊ पेशंटला "बरं आहे का" असं कधी विचारत नसत. औषधाच्या खिडकीतून हात बाहेर काढायचे आणि म्हणायचे, "रिकामं पाकीट दाखव." मागच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट हातावर पडल्याशिवाय नवं मिळायचं नाही. कुहीकडच्या त्या सरकारी दवाखान्यात मी डॉक्टर होतो आणि ते औषधं देणारे. मिरगीचे पेशंट माझ्यासमोर दोन मिनिटं बसत आणि खिडकीपाशी अर्धा तास रेंगाळत. ते मला किती सलायचं, हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही.

गोळीची वेळ मी घड्याळावर सांगे. भाऊ विचारत, "गाईची धार कधी काढतं?" आणि गोळी धारेशी बांधून देत. झटका आला की पोराला कांदा हुंगवणाऱ्या म्हाताऱ्याला मी गंभीरपणे समजावलं होतं, तेव्हा तो नुसता बघत राहिला. भाऊ म्हणाले, "कांदा भाजीत टाक गा, नाकाले काहून लावतं?" सगळी रांग हसली, म्हातारासुद्धा. वरून साठा आला नाही की भाऊ स्कूटरवर नागपूर गाठत आणि कुठून तरी गोळ्या मागून आणत. लोक म्हणत, 'भाऊची गोळी'. चिठ्ठीवर सही माझी असे.

त्यांचा एक रिवाज नियमात बसत नव्हता. लग्न झालेल्या मुलीची मिरगी सासरी कळली तर तिला माहेरी आणून सोडतात. म्हणून अशा मुलींच्या गोळ्या त्यांचे बाप नेत, तिखटाच्या डब्यात लपवून पोचवत आणि रिकामी पाकिटं तशीच परत आणत. मला हे सगळं ठाऊक होतं. तरी एका सकाळी मी कपाटाची किल्ली स्वतःकडे घेतली आणि सांगितलं, पेशंट स्वतः आल्याशिवाय गोळी नाही. कारण नियमाचं दिलं. खरं म्हणजे मला ती खिडकी ओस पडलेली बघायची होती.

भाऊ खोलीत आले. "नियम तुमचा बरोबर आहे साहेब. पण मिरगी लपते. गोळी सुटली की मग नाही लपत."

"डॉक्टर मी आहे, भाऊ," मी म्हणालो. ते मान हलवून निघून गेले.

एक बाप दोनदा रिकाम्या हाताने परत गेला. तिसऱ्या वेळी तो मुलीलाच घेऊन आला. चुलीपाशी झटका येऊन तिचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता आणि सासरच्यांनी तिला माहेरी पोचवलं होतं. मी पट्टी बांधत होतो, ती माझ्या खांद्यावरून खिडकीकडे बघत होती. "भाऊ नाही आले का आज?" तिने विचारलं. तिचा जळलेला हात माझ्या हातात होता, आणि तरी मला आधी वाटला तो हेवाच.

भाऊ आले. तिने डाव्या हाताने पदराची गाठ सोडली आणि रिकामं पाकीट त्यांच्या हातावर ठेवलं. सासर सुटलं होतं, पण पाकीट तिने जपून आणलं होतं. भाऊंनी ते खिशात ठेवलं. माझ्याकडे वळून म्हणाले, "किल्ली द्या साहेब."

मी दिली. त्या मुलीला मात्र पुन्हा कोणी नांदायला नेलं नाही.

भाऊ निवृत्त झाले, मग वारले. आता नागपूरजवळ बेसाला माझा स्वतःचा दवाखाना आहे. मिरगीचा पेशंट आला की मी हात पुढे करतो आणि रिकामं पाकीट मागतो. लोक कौतुकाने म्हणतात, ही डॉक्टरसाहेबांची पद्धत. इतकी वर्षं मी ते ऐकून घेतलं. कुणालाही म्हणालो नाही, की ही भाऊंची आहे.