वांगं ठेवून फोटो पाठवा

माझ्या बायकोच्या मामांना फसवू शकेल असा माणूस अजून जन्माला यायचा आहे. आणि उद्या तो जन्माला आलाच, तर त्याचा जन्मदाखला मामा उजेडाकडे धरून बघितल्याशिवाय खरा मानायचे नाहीत. अंबरनाथच्या एका कारखान्यात त्यांनी सारा जन्म माल तपासण्यात घालवला. पट्ट्यावरून येणारा नग उचलायचा, उलटा करायचा, डोळ्याजवळ न्यायचा आणि ‘रिजेक्ट’ म्हणून बाजूला ठेवायचा, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर कारखाना सुटला, पण शब्द सुटला नाही. भाजीवाल्याची मेथी रिजेक्ट, टीव्हीवरचा हवामानाचा अंदाज रिजेक्ट, बदलापूरला बेलवलीतल्या त्यांच्या सोसायटीचा नवा वॉचमन तर तीनदा रिजेक्ट. आमचं लग्न ठरत होतं तेव्हा मला बघायलाही मामाच आले होते. पगार विचारला, गाव विचारलं आणि मग म्हणाले, “आता जरा पाठमोरे उभे राहा बघू.” मी गोंधळून वळलो. “पुढून सगळेच बरे दिसतात,” मामा माझ्या सासऱ्यांना म्हणाले, “माल नेहमी मागून बघावा.” मी पास झालो की नाही, हे त्यांनी आजवर सांगितलेलं नाही. लग्न मात्र झालं.

अशा माणसाच्या हाती भाच्यानं मोबाइल दिला आणि त्यात जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीचं अ‍ॅप घालून दिलं. माशाला पाणी दाखवावं तसं झालं. मामांना काही घ्यायचं नसायचं, विकायचंही नसायचं. पण सकाळी चहाबरोबर ते कल्याणपासून वांगणीपर्यंतच्या सगळ्या जुन्या कपाटांची, सायकलींची आणि मिक्सरची झडती घ्यायचे. फोटो दुसरीकडून उचललेला असतो, हा त्यांचा पहिला संशय. त्यावर त्यांनी स्वतःचा तोडगा काढला होता. विकणाऱ्याला ते निरोप धाडायचे, ‘वस्तूवर वांगं ठेवून फोटो पाठवा.’ वांगंच का, असं मी एकदा विचारलं. “जावईबापू,” मामा म्हणाले, “जुन्या फोटोत कोणी फ्रिजवर वांगं ठेवलेलं असेल का? नाही ना? मग वांगं दिसलं की वस्तू घरात आहे, माणूस घरात आहे आणि बाजारहाट करणारं कुणीतरी घरात आहे.” लोक चिडायचे. एका बाईंनी सोफ्यावर वांगं ठेवून फोटो पाठवला, तर मामांनी झूम करून सांगितलं, “वांगं शिळं आहे, देठ बघा. फोटो परवाचा दिसतो.” बाईंनी सोफाही विकला नाही आणि मामांना ब्लॉकही केलं.

पण खरे भामटे समोर आले की मामांची कळी खुलायची. एकदा त्यांनी घरातला जुना कूलर विकायला काढला. पाच मिनिटांत फोन आला. कूलर न बघता, भाव न पाडता, माणूस घ्यायला तयार! मामांनी मला हातानं जवळ बोलावलं आणि फोन स्पीकरवर टाकला. “अंकल, मैंने क्यूआर भेजा है. स्कॅन करो, पिन डालो, पैसा तुरंत आपके खाते में.” मामा लोण्यासारख्या आवाजात म्हणाले, “बेटा, पैसा लेने के लिए पिन नहीं लगता. पिन देने के लिए लगता है. तुम्हारे मास्टर ने सिखाया नहीं क्या?” पलीकडच्यानं मग लिंक पाठवतो म्हटलं, पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट पाठवला. मामांनी लिंकला हात लावला नाही आणि स्क्रीनशॉट बघून म्हणाले, “फोटोतला लाडू खाऊन पोट भरतं का रे?” एवढ्यावर सोडतील तर ते मामा कसले! त्याला जेवलास का विचारलं, आई काय करते विचारलं, कूलरची जाळी कशी साफ करायची ते सविस्तर सांगितलं. शेवटी तोच काकुळतीला आला, “अंकल, नहीं चाहिए कूलर, फोन रखो ना.” मामा आठवडाभर खुशीत होते.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, तोवर मामी आजारी पडल्या. पक्षाघाताचा झटका होता. जीव वाचला, बोलणं परत आलं, पायही हळूहळू चालायला लागला, पण उजवा हात मांडीवर पडून राहिला, दुसऱ्या कुणाचा तरी असल्यासारखा. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी रोज त्या हातात रबरी चेंडू द्यायची आणि मामी डाव्या हातानं तो खिडकीबाहेर टाकायच्या. “मी काय कुकुलं बाळ आहे?” म्हणायच्या. मुलगी हुशार होती. तिनं विचारलं, “काकी, या हातानं तुम्हाला काय करायला आवडायचं?” मामी म्हणाल्या, “कॅरम.” खोटं नव्हतं. सोसायटीच्या गणपतीत बायकांच्या कॅरमचा चषक वर्षानुवर्षं मामींच्याच फडताळात होता. घरचा बोर्ड उल्हास नदी घरात येऊन गेली त्या वर्षी फुगून पुरीसारखा झाला होता. मुलगी म्हणाली, “मग बोर्ड आणा. पण लवकर आणा. हे पहिले काही महिनेच महत्त्वाचे असतात, नंतर बोटं आळसावतात.”

मी त्याच संध्याकाळी दुकानातून कोरा बोर्ड आणला. मामींनी डाव्या हातानं एक टिचकी मारली आणि म्हणाल्या, “पापड आहे. मला जड हवा, जुना, खेळून गुळगुळीत झालेला.” झालं. मामांना जन्मात पहिल्यांदा त्या अ‍ॅपवर खरोखर काहीतरी हवं होतं, आणि नेमकं तेव्हाच त्यांचं कसब आडवं आलं. वांगणीच्या फार्महाउसवाल्यानं वांगं ठेवायला नकार दिला: रिजेक्ट. बदलापूर पूर्वेच्या एकानं वांग्याऐवजी टोमॅटो ठेवला: रिजेक्ट. एकानं आधी थोडी रक्कम टाका मग पत्ता देतो म्हटलं. तो भामटाच होता, त्याला मामांनी अर्धा तास फोनवर ठेवून कूलरची जाळी साफ करायला शिकवलं. पण बाकीचे साधे लोक होते हो! दिवस जात होते, हात मांडीवर होता. मामी वैतागून म्हणायच्या, “अहो, मला त्या बोर्डाशी लग्न नाही लावायचं, नुसतं खेळायचंय.” मामा चष्मा पुसत म्हणायचे, “तुझ्यासाठी घ्यायचाय म्हणून तर.” मला त्यांचा राग यायचा आणि मग त्या चष्मा पुसण्याकडे बघून जायचाही.

अशात उल्हासनगरच्या एका जुन्या, जड बोर्डाची जाहिरात आली. मामांनी वांग्याचा निरोप धाडला. फोटो आला: बोर्डाच्या बरोबर मध्यावर ताजं, काटेरी, चकचकीत वांगं. खाली निरोप होता, ‘अब आप अपना फोटो भेजो, हाथ में भेंडी पकड के.’ मामा खुर्चीतून उठले. इतक्या वर्षांत त्यांच्याकडे उलट कुणी भेंडी मागितली नव्हती. “माणूस एक तर पोचलेला चोर आहे,” ते म्हणाले, “नाहीतर माझ्यासारखा आहे.” यातलं जास्त धोक्याचं काय, हे मी विचारलं नाही. मामींनी डाव्या हातानं त्यांच्या हातात भेंडी दिली आणि मी फोटो काढला, मानेखालचाच; चेहरा परक्याला पाठवायचा नाही, हा मामांचा नियम.

भेट ठरली रविवारी अकरा वाजता, अंबरनाथच्या शिवमंदिराबाहेर. अनोळखी माणसाला भर दिवसा, चारचौघांत भेटायचं आणि सोबत साक्षीदार न्यायचा, हा मामांचा नियम. साक्षीदार अर्थात मी. पिशवीत भिंग, टॉर्च आणि बोर्डाचा समतोल बघायला गवंडी वापरतात ती पाणसळ. मामांनी कळवलं होतं पांढरा शर्ट घालून येतो, आणि घातला होता निळा. “त्यानं आपल्याला ओळखायच्या आधी आपण त्याला ओळखायचं.” त्याचसाठी आम्ही तासभर आधी जाऊन बेलपत्रवाल्यांच्या पलीकडच्या चहाच्या टपरीवर बसलो. विकणाऱ्यानं काळी टोपी घालून येतो असं कळवलं होतं, त्या टोपीवाल्याची वाट बघत. बाकावर आधीच एक उघड्या टकलाचे, जाडजूड गृहस्थ बसून मंदिराच्या रस्त्याकडे टक लावून पाहत होते.

मामांना गप्प बसवत नाही. “कोणाची वाट बघताय?” त्यांनी विचारलं. “है एक आदमी,” गृहस्थ म्हणाले, “सामान बेचना है. मगर आजकल किसपे भरोसा करें, साईं?” मग काय! दोघांची अशी गट्टी जमली की टपरीवाला चहा ओतून दमला. मामांनी कूलरची गोष्ट सांगितली. गृहस्थांनी त्यांच्याकडे पलंग घ्यायला आलेल्या खोट्या फौजीची सांगितली. “मैंने पूछा, बेटा, कौन सी पलटन? बोलता है, नेटवर्क नहीं है.” दोघं एकमेकांच्या मांडीवर थापा मारून हसले. अकरा वाजले, साडेअकरा झाले. पांढरा शर्ट आला नाही, काळी टोपी आली नाही. “बघा,” मामा म्हणाले, “चोरच निघाला.” “मेरा वाला भी,” गृहस्थ हळहळले. शेवटी मामांनी नंबर लावला आणि बाकावरच्या गृहस्थांचा खिसा वाजला.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. “आपने सफेद शर्ट बोला था!” “तुमने काली टोपी बोला था!” मला वाटलं आता भांडण. पण दोघांच्या चेहऱ्यावर एकमेकांबद्दल असा आदर पसरला की मला परकं वाटायला लागलं. “बोर्ड कुठाय?” मामांनी विचारलं. बोर्ड आणलाच नव्हता. “पहले आदमी देखता हूँ, बाद में माल लाता हूँ.” आणि पैसे? पैसे मामांनीही आणले नव्हते, तेही आधी माणूस बघणार होते. बरं, मग घरी जाऊन बघू म्हणावं, तर अनोळखी माणसाच्या घरी जायचं नाही हा मामांचा नियम, आणि अनोळखी माणसाला घरात घ्यायचं नाही हा गृहस्थांचा. तासभर मांडीवर थापा मारणारी दोन माणसं आता आपापले नियम सांभाळत अडून बसली. मी मनात म्हटलं, गेला हाही बोर्ड.

“वैसे,” गृहस्थ चहाचा नवा ग्लास उचलत म्हणाले, “इस उमर में कॅरम किसके लिए?” घरची गोष्ट परक्याला कधीही सांगायची नाही, हा तर मामांचा सगळ्यात कडक नियम. ते मंदिराकडे बघत राहिले. मग चष्मा काढला आणि म्हणाले, “बायकोसाठी. तिचा उजवा हात गेलाय. कॅरम मागते.” एवढंच. हिंदीत सांगायचंही त्यांना सुचलं नाही. गृहस्थांनी हातातला ग्लास खाली ठेवला. “मैं भाई के साथ खेलता था,” ते म्हणाले. “भाई गुजर गया, तब से बोर्ड दीवार की तरफ मुँह करके खड़ा है. चलो, उठो. घर चलो.”

उल्हासनगरला त्यांच्या घरी बोर्ड भिंतीकडून वळवला गेला. मला वाटलं, आता तरी पिशवी उघडणार नाहीत. पण मामा ते मामाच. भिंग निघालं, टॉर्च निघाला, पाणसळ मध्यावर ठेवली. बुडबुडा बरोबर दोन रेघांच्या मधे थांबला. “पास,” मामा म्हणाले. आमच्या घराण्यात हा शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला गेला. पैसे मी मोबाइलवरून दिले, तेव्हा मामांनी डोळे मिटून घेतले होते. आणि पैसे पोचल्याचं मी दाखवलं, तर गृहस्थांनी मान हलवली, “फोटो का लड्डू!” स्वतःच्या बँकेचा मेसेज येईपर्यंत ते गॅलरीत रेंज शोधत उभे राहिले. मामा इतक्या कौतुकानं कुणाकडे बघताना मी पाहिलेले नाहीत.

बोर्ड आला. सुरुवातीला उजव्या हातानं मामींचा स्ट्रायकर जागचा सरकायचाही नाही. मामा समोर बसून “वा, वा” म्हणायचे आणि नजर चुकवायचे. दर रविवारी उल्हासनगरचे शेठ ‘बोर्ड ठीक है ना, देखने आया’ म्हणून यायचे आणि संध्याकाळपर्यंत खेळायचे. अशाच एका रविवारी शेठ यायच्या आधी मी मामींसमोर खेळायला बसलो होतो आणि मामा माझ्या शेजारी उभे होते. राणी भोकाच्या अगदी काठावर अडकली होती. मामा पाणी प्यायला म्हणून वळले, आणि मामींनी इकडे-तिकडे बघितलं, उजवा हात मांडीवरून बोर्डावर आणला आणि पहिल्या बोटानं राणीला हळूच आत ढकललं. चक्क चोरी! मी हसत तोंड उघडणार, एवढ्यात माझ्या पायावर मामांची टाच पडली. समोर कपाटाच्या काचेत त्यांनी सगळं पाहिलं होतं.

“राणी गेली हो,” मामी निरागसपणे म्हणाल्या. “मघाशी माझाच फटका लागला होता तिला.” शिळ्या देठावरून वांग्याची तारीख सांगणारा माणूस बोर्डाकडे बघत म्हणाला, “बरोबर. लागलाच होता.”

मामींचा हात पुरता बरा झाला नाही. साडीच्या निऱ्या अजून मामाच धरतात आणि त्या कधी सारख्या येत नाहीत. पण त्या दिवशी ते मला स्वयंपाकघरात घेऊन गेले, नळ सोडून दिला आणि माझं मनगट घट्ट धरलं. “जावईबापू, तुम्ही पाहिलंत ना? बोट हललं ना?” मी म्हटलं, पाहिलं, मामा. “डावा नव्हता ना तो? नीट आठवा. उजवाच होता?” उजवाच होता, मी म्हटलं. त्यांनी आणखी एकदा विचारलं. मग चष्मा काढून नळाखाली धरला, बराच वेळ धुतला, आणि पुन्हा फसायला बाहेर जाऊन बसले.