चष्मेवाल्याची बाई

आमच्या चर्चमध्ये येशूच्या आईबद्दल, मरियेबद्दल कुणी वाकडा शब्द काढला, की सगळे चष्मेवाल्याकडे बघतात. फादरसुद्धा बघतात, मी पाहिलंय. माझं शिवणाचं दुकान त्याच्या दुकानाला चिकटून आहे, मध्ये फटीफटींची फळ्यांची भिंत, तीही वरपर्यंत नाही. त्याचं काच घासायचं मशीन बंद असलं की मला पलीकडचं सगळं ऐकू येतं, आणि चालू असलं तरी मी कान देतेच. खोटं कशाला बोलू?

रविवारी मिस्सा, म्हणजे सगळ्यांची प्रार्थना, झाली की तो मुलांना धर्मशिक्षण देतो. मरियेला देवाची आई म्हणायला बायबलात आधार काय, असं कुणी विचारायचीच खोटी, हा लूकचं शुभवर्तमान उघडतो. मरियेची नातलग एलिझाबेथ तिला काय म्हणाली? माझ्या प्रभूची आई माझ्याकडे आली. प्रभू कोण? देव. मग ही आई कुणाची? पोरं एका सुरात ओरडतात आणि याची छाती फुगते.

अशा माणसाची स्वतःची आई मागच्या वर्षी त्याच्याकडे राहायला आली. उभा जन्म लोकांकडची धुणीभांडी करून तिनं याला चष्म्याचं काम शिकवलं होतं. आल्या आल्या माझ्या दुकानात बसून मला म्हणाली, "आता मला बाई म्हणून हाक मारणारं कुणी नाही बघ." पुढचे दात पडलेले, पण काय गोड हसली. फक्त हातांना कामाची सवय. दुकान उघडलं की फडकं घेऊन खाली बसायची. मुलगा नको नको म्हणायचा, पण ऐकेल ती कसली.

तशात एके दिवशी डोळ्यांचे डॉक्टर आले. त्यांनी कोपऱ्यावर नवा दवाखाना टाकला होता आणि पेशंट कुठल्या दुकानात पाठवायचे ते बघत फिरत होते. चष्मेवाल्याची नुसती धांदल उडाली. म्हातारी गुडघ्यांवर बसून दाराशीच फरशी पुसत होती. डॉक्टर तिला वळसा घालून आत आले, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाले, "छान स्वच्छ आहे दुकान. बाई चांगली मिळाली तुम्हाला."

मशीन बंद होतं. माझी कात्री कापडात तशीच थांबली. मला वाटलं, आता हा हसेल आणि सांगून टाकेल.

"हो," तो म्हणाला, "चांगली आहे."

म्हातारीनं फडकं पिळलं, बादली उचलली आणि मागच्या दारानं गेली. थोड्या वेळानं चहा घेऊन आली. एक कप डॉक्टरांपुढे ठेवला, दुसरा मुलापुढे ठेवला आणि म्हणाली, "साहेब, साखर बेताचीच घातलीय."

साहेब! मी सुई बोटात खुपसून घेतली.

डॉक्टर गेल्यावर तो भिंतीपाशी आला आणि मी काही ऐकलं का, असं विचारू लागला. देवानं मला कान दिलेत, मी म्हटलं. त्याचा चेहरा एवढासा झाला. उद्या सांगतो त्यांना, म्हणाला. त्याचा तो उद्या काही उजाडेना. डॉक्टर निघाले दुसऱ्या चर्चचे, मरियेला फार न मानणारे, आणि वाद घालायची भारी हौस. पेशंटही पाठवायचे आणि शनिवारी स्वतः येऊन बसायचे. माणूस वाईट नव्हता हो. दोघांचं बायबल रंगात आलं की म्हातारी चहा आणायची आणि साहेब म्हणून द्यायची. आता कुठल्या तोंडानं सांगायचं, असं म्हणत याचे महिने गेले.

घरी तो तिच्या पायाशी बसला, माफी मागितली. हे त्यानंच मला सांगितलं. ती म्हणाली, "असू दे रे. येशू सांगेल ते करा, असं मरिया बायबलातल्या त्या लग्नात नोकरांना म्हणाली ना? तूच शिकवतोस पोरांना." टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, पण म्हातारीच्या बोलण्यात काटा म्हणून नव्हता. रविवारी सगळे कम्युनियनची पवित्र भाकर घ्यायला पुढे जायचे, पण मनात पाप असताना ती घ्यायची नसते, म्हणून हा बाकावर मान खाली घालून बसून राहायचा. लोकांना वाटलं, गुडघे दुखत असतील. मला त्याचा राग यायचा आणि मेल्याची दयाही यायची.

मग एका शनिवारी डॉक्टरांनी ठेवणीतला मुद्दा काढला. ते म्हणाले, तुम्ही तिला एवढं डोक्यावर घेता, पण खुद्द येशूच तिला काय म्हणतो? लग्नात म्हणतो 'बाई', क्रुसावरूनही म्हणतो 'बाई'. आईला कुणी बाई म्हणतं का?

याला उत्तर पाठ होतं. पोरांना दरवर्षी सांगतो. त्यांच्या भाषेत तो शब्द मानाचा होता, असं म्हणून त्यानं सुरुवातही केली. तेवढ्यात म्हातारी ट्रे घेऊन आत आली आणि याची जीभ अडखळली. मी भिंतीला कान लावला.

"डॉक्टरसाहेब," तो म्हणाला, "योहानानं आपल्या शुभवर्तमानात तिचं नाव कुठेच लिहिलेलं नाही. जिथे तिथे येशूची आई, एवढंच लिहिलंय. तो चारचौघांत बाई म्हणाला, पण ती त्याची आई आहे हे लग्नात सगळ्यांना ठाऊक होतं, क्रुसापाशीही ठाऊक होतं. त्यानं ते लपवलं नव्हतं."

खुर्ची सरकल्याचं मी ऐकलं. मला राहवेना, मी उठून त्याच्या दारात गेले. तो उभा होता, हात म्हातारीच्या खांद्यावर.

"ही माझी आई आहे," तो म्हणाला.

डॉक्टर कप हातात धरून बघत राहिले. म्हातारीनं मुलाकडे पाहिलं. त्याचा रडवेला चेहरा, डॉक्टरांची चढलेली भुवई, सगळं तिनं एका नजरेत टिपलं. तिला काय वाटलं असेल? पोराचं नाक कापलं जातंय, एवढंच. तिनं त्याचा हात हळूच खांद्यावरून काढला आणि डॉक्टरांकडे बघून हसली.

"साहेब मनानं फार मोठे आहेत," ती म्हणाली. "कामाच्या बाईलासुद्धा आई म्हणतात."

"नाही, नाही, खरंच माझी आई आहे ती," तो म्हणाला.

"कळलं हो," डॉक्टर म्हणाले आणि उठून त्यांनी त्याचा हात हातात घेतला. त्यांचे डोळे भरून आले होते. "आज तुम्ही मला हरवलंत. कामाच्या बाईला आई मानणारा माणूस मी पाहिला नाही."

म्हातारी रिकामे कप गोळा करून मागे विसळायला गेली होती.