ठोस वाजतंय, मामू!

जुन्या फरश्या उखडायच्या धंद्यात किस्से लई साचतात राव! मलबा निदान टेम्पोत भरून फेकता येतो, किस्से कुठं फेकायचे?

आमचे यासीनमामू यातले उस्ताद, मी त्यांचा जोडीदार. मामू आधी हातोडीच्या दांड्यानं फरशी वाजवणार. पोकळ वाजली, म्हणजे खालचा थर गेला, उखडा! ठोस वाजली, की हात लावायचा नाय. "ठोस है, जिंदा है," म्हणायचे.

*

सिडकोत एका काकूंची फरशी दर पावसाळ्यात फुगायची. टाइल बदलून बदलून बाई वैतागल्या. उखडून बघतो तर खाली मुरूम नाहीच, सगळी पाणी पिऊन फुगणारी काळी माती! "काकू, ही भर घातली कुणी?"

"आमच्या भावानं! म्हटलं, घरचं माणूस आहे, फसवणार नाही!"

*

शहागंजात एका हॉटेलवाल्यानं जुनं न काढता टाइलवर टाइल चढवलेली. तळाला शहाबादी, वर मोझॅक, त्यावर चकचकीत टाइल. दारं अडकली, की सुतार बोलावून खालून कापायचा! मामू म्हणाले, "सेठ, अब गिराईक भी काटके अंदर लेते क्या?"

*

हे सगळं उखडताना धूळ अशी, की समोरचा माणूस दिसत नाय. मामूंचा खोकला वाढत चालला होता. मी मास्क आणून दिला, तर म्हणे, "ये लगाया तो बीडी किधर लगाऊं?" लई राग यायचा मला!

मामूंची बायको, आमच्या मामी, मला म्हणायच्या, "दौलतभाई, इनकू रोको. खांसते तो बर्तनां हिलते." मामूंना कोण रोखणार?

*

मग एक दिवस थुंकीत रक्त दिसलं. मी ओढतच दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी मामूंच्या पाठीवर एक बोट ठेवलं, अन् दुसऱ्या बोटानं टकटक वाजवायला लागले. मामू खूश! "अरे, ये तो अपनाच काम कर रहे!"

वर वाजवलं, पोकळ. बाजूला वाजवलं, पोकळ. मनात म्हटलं, थर गेला! मग डॉक्टर खाली सरकले, अन् आवाज आला एकदम भरीव. मला राहवलंच नाय. ओरडलो, "मामू, ठोस वाजतंय!"

डॉक्टरांचा हात थांबला. म्हणाले, "अहो, छाती पोकळच वाजायला हवी. ठोस म्हणजे आत काहीतरी साचलंय."

मामू सावकाश शर्टाची बटणं लावत राहिले. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "तो दौलत, ये मलबा कौन उठाता रे?"