तोडलेला मोह

आज एका पुडीतून मोहफुलांचा वास आला आणि जुनी फजिती आठवली. कुरखेड्याच्या बचतगटाच्या मोहलाडवांच्या लेबलसाठी चित्र काढणं हे माझं पहिलं काम. मी घुग्घुसचा, कोळशाच्या धुळीत वाढलेला. चित्राची कल्पना मोबाइलवर शोधली आणि फांदीवरून मोह तोडणारी बाई ऐटीत काढली. दुसऱ्याच दिवशी छपाई होती.

चित्र पाहून गटाच्या शांताबाई म्हणाल्या, "काऊन गा भाऊ, मोह तोडतेत का? तो खाली पडते, आमी येचतो!"

साऱ्या बाया हसल्या. काम गेलंच म्हटलं.

"चाल, तुले दाखवतो," शांताबाई म्हणाल्या.

झाडाखाली गुडघे टेकून मी फुलं वेचली. लेबलवर शेवटी जमिनीकडे वाकलेले दोन हात आले.

अजूनही नवं काम आलं की मी आधी विचारतो, "हे तोडतेत, का येचतेत?"