निनावी पाटीवाला

आमचे हे पाट्या रंगवतात. गावभर दुसऱ्यांची नावं हातभर अक्षरांत लावून ठेवलीयत, पण स्वतःबद्दल विचाराल तर तोंडाला कुलूप. भाजीवाल्यानं "पाहुणे आलेत वाटतं?" असं सहज विचारलं, तर दुसऱ्या दिवसापासून हे भाजी दुसरीकडून आणणार.

त्यात एकदा यांनी इंटरनेटवर चप्पल बघितली. नुसती बघितली हो! पुढे इंटरनेटवर जिथे जावं तिथे जाहिरातीत तीच चप्पल समोर. यांनी त्याचा असा धसका घेतला की माझ्या भाच्याकडून कॉम्प्युटरवर एक आडवाट बसवून घेतली. म्हणजे आपण इथून बोलायचं, पण बोलणं अनोळखी कॉम्प्युटरांतून फिरत जातं आणि पलीकडच्याला वाटतं, हा माणूस भलत्याच देशात बसलाय. इंटरनेट रांगायला लागलं, पण चप्पल गेली. हे खूश!

मग यांचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, जाणार नाही. "कुणाजवळ बोलायचं नाही," यांनी मला बजावलं. नाही बोलले. पण मनात सारखं यायचं, हातच गेला तर पाटीवाल्याकडे उरतं काय?

तेव्हा यांनी अक्षरं कापायचं मशीन आणलं आणि ते चालवायचं सॉफ्टवेअर रीतसर विकत घेतलं. पहिलं काम दातांच्या डॉक्टरीणबाईंचं. "संध्याकाळपर्यंत पाटी नाही मिळाली तर मी दुसऱ्याकडे जाते," असं त्या ठणकावून गेल्या होत्या.

सॉफ्टवेअर सुरू करायला आधी इंटरनेटवरून कंपनीला लायसन्सचा नंबर कळवायचा होता. चुटकीसरशी होणारं काम. पण हे सरळ वाटेनं जातील तर शपथ! नंबर टाकला, चाक फिरत राहिलं. पुन्हा टाकला. पुन्हा. आडवाट दर खेपेला वेगळ्याच देशातून बाहेर पडत होती. शेवटी स्क्रीनवर लाल अक्षरं आली: हा नंबर एकाच वेळी अनेक देशांतून वापरला जातोय, चोरीचा संशय आहे, नंबर बंद.

"चोर? मी?" हे ताडकन उठले आणि कंपनीला फोन लावला. पलीकडे गोड आवाजाची मुलगी.

"सर, आपण कुठून बोलताय?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"बरं, नाव तरी सांगता?"

इथेच तर घोळ होता. विकत घेताना यांनी नावाच्या जागी 'गिऱ्हाईक' लिहिलं होतं आणि आडनावाच्या जागी 'तेच'.

"आपणच का गिऱ्हाईक तेच?" मुलीनं गंभीरपणे विचारलं. मी तोंडात मूठ कोंबली.

"हो," हे पडेल आवाजात म्हणाले. "मीच."

"मग सर, दुकानासमोर उभं राहून फोटो पाठवा. पाटीवर आपलं खरं नाव दिसू दे. आणि कृपा करून सरळ वाटेनं पाठवा."

फोन ठेवून हे बाहेर गेले आणि वर बघत राहिले. पाटीवाल्याच्या दुकानाला पाटीच नव्हती! मला आधी हसू आलं, मग यांचा चेहरा बघून रडू. मशीन बंद, म्हणजे ही पाटी त्याच हातानं रंगवायची, तीही भर रस्त्यात.

"मी रंगवते," मी म्हटलं.

"तुझं अक्षर बघून नंबर कायमचा बंद करतील," म्हणत हे शिडीवर चढले.

काना वाकडा, वेलांटी घसरलेली, वरची रेघ तर कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी लोंबलेली. पण नाव लिहिलं, आडनावासकट. मी फोटो काढला. त्यात हे नुकतेच पकडून आणल्यासारखे दिसत होते. सरळ वाटेनं पाठवला आणि थोड्याच वेळात नंबर सुरू! डॉक्टरीणबाईंची पाटी अशी सुरेख कापून निघाली की बघत राहावं.

"आता तुमचंही नाव मशीनवर कापा," मी म्हटलं. "ते वरचं पुसून टाका."

"राहू दे."

संध्याकाळी डॉक्टरीणबाई आल्या आणि दारातच थबकल्या. "अगंबाई, हे कुणी रंगवलं?"

माझा जीव टांगणीला लागला.

"मी," हे म्हणाले. "हात थरथरतो माझा."

बाईंनी वर बघितलं, मग स्वतःच्या पाटीकडे बघितलं. "बरं झालं, माझी मशीननं केलीत. अशी पाटी लावली असती तर माझ्यापुढे तोंड कोण उघडणार?"

हे इतके हसले की शिडीला धरावं लागलं. आणि शिडी धरली तीही उजव्या हातानं, बाईंच्या देखत.