वडिलांवरचं वाक्य

सावद्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात कय्युम पिंजारी चौदा वर्षं इंग्रजी शिकवत होते, पण तिथले शिक्षक नव्हते. ते तासिकेवर होते. एप्रिल संपला की कॉलेजशी संबंध संपायचा, आणि जुलैत त्यांनी पुन्हा अर्ज करायचा, की तास शिल्लक असल्यास माझा विचार व्हावा. अर्ज इंग्रजीत असे, स्वतःच्या हाताचा असे आणि इतक्या सुरेख अक्षरात असे की प्राचार्य रतिलाल सर तो वाचत नसत, नुसता पाहत. वाचण्यासारखं त्यात दरवर्षी नवीन काय असणार होतं?

शिकवण्यात मात्र या माणसाचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता. बारावीच्या पोरांना एक पाठ हमखास रडवतो. एका वाक्याच्या पोटात दुसरं वाक्य, आणि त्या दोन्हींत कॅन, मस्ट, मे, वुड यांची दाटीवाटी. गाइडमध्ये त्याला जॉन आणि मेरीची उदाहरणं असतात. कय्युम सर गाइडला शिवत नसत. ते म्हणत, "घरात कोण काय करू शकतं, कुणाला काय करावंच लागतं, आणि ते केव्हा, कशामुळे, एवढं आधी मराठीत सांगा. इंग्रजीचं मी बघतो." मग केळीवाल्याचा मुलगा उठून सांगे, ट्रक भरल्याशिवाय ड्रायव्हर निघू शकत नाही. दीपनगरच्या वीजकेंद्राच्या वसाहतीतून मामाकडे शिकायला आलेली एखादी मुलगी सांगे, पप्पांची रात्रपाळी झालेली असली की दिवसा घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. सर ते फळ्यावर इंग्रजीत मांडत, आणि पोरांना कळे की आपल्या घरात रोज जे बोललं जातं तेच हे आहे. चांगली वाक्यं ते खाकी कव्हरच्या एका वहीत उतरवून ठेवत.

त्या वहीतलं पहिलं वाक्य त्यांचं स्वतःचं होतं. "ऑलदो माय फादर कुड नॉट रीड, ही वुड सिट बिसाइड मी टिल आय फिनिश्ड." माझ्या वडिलांना वाचता येत नसलं, तरी माझा अभ्यास संपेपर्यंत ते शेजारी बसून राहत. अब्बा कापूस पिंजायचे, गाद्या भरायचे. संध्याकाळी भुवयांवर कापूस तसाच घेऊन ते पोराजवळ बसत आणि पुस्तकाच्या ओळींवरून बोट फिरवत, जणू तपासताहेत. पुस्तक उलटं असलं तरी बोट डावीकडून उजवीकडेच जाई. अब्बा गेले त्याला नऊ वर्षं झाली. त्यांचा फोटोसुद्धा घरात धड नव्हता. काय उरलं होतं ते या एका वाक्यात उरलं होतं.

गेल्या वर्षी संस्थेनं इंग्रजीचं पूर्णवेळ पद काढलं. वयाची अट पंचेचाळीस, आणि कय्युम सरांना जूनमध्ये पंचेचाळीस पूर्ण होणार होती. म्हणजे आता नाही तर कधीच नाही. मुलाखतीत प्रात्यक्षिक पाठ घ्यायचा होता आणि त्याचा विषय सगळ्या उमेदवारांना एकच दिला होता. नेमका तोच, वाक्याच्या पोटातल्या वाक्याचा. शिपाई वना तर आधीच पेढे मागून बसला. "सर, औंदा तुमचं पक्कं हाये," तो म्हणाला. "चौदा वर्सं झाले. आता नाही तं केव्हा?"

एप्रिलमध्ये मयुरी आली. सरांचीच जुनी विद्यार्थिनी, आणि संस्थेच्या अध्यक्षांच्या मेव्हण्याची मुलगी. तिनंही त्याच पदासाठी अर्ज केला होता आणि ते तिनं लपवलं नाही. "सर, हा पाठ तुम्ही कसा घेता ते मला शिकवाल?" तिनं विचारलं. शहाण्या माणसानं इथे काहीतरी कारण काढलं असतं. पण चौदा वर्षांत प्राचार्यांनी, तपासणीला येणाऱ्यांनी, सहकाऱ्यांनी, कुणी म्हणून या माणसाला तो कसा शिकवतो हे विचारलं नव्हतं. कय्युम सर फुलले. तीन आठवडे दुपारी रिकाम्या वर्गात त्यांनी तिला सगळं शिकवलं, कुठे थांबायचं, कुठे फळा पुसायचा, कुणाला आधी उठवायचं. शेवटच्या दिवशी वहीही देऊन टाकली.

"कापी भी दे दी उसको?" घरी बायकोनं, जमीलानं विचारलं.

"वहीनं काय होतं," सर म्हणाले. "अनुभव तर माझाच राहील ना."

 जमीलानं ताट वाढलं.

मुलाखती मे महिन्यात कॉलेजमध्येच झाल्या. पाच उमेदवार बाहेर बाकावर बसले होते. खोलीच्या दारातून कूलरचा पाइप आत गेला होता, त्यामुळे दार पुरतं लागत नव्हतं आणि आतलं सगळं ऐकू येत होतं. मयुरीचा नंबर सरांच्या आधी लागला. तिनं ट्रकचं वाक्य घेतलं, रात्रपाळीचं घेतलं, योग्य ठिकाणी थांबली. सरांना वाईट वाटलं नाही, उलट पोरगी चांगली तयार झाली म्हणून ते मान डोलावत होते. मग तिचा आवाज थोडा खाली आला. "ऑलदो माय फादर कुड नॉट रीड," ती म्हणाली.

 मग धुळ्याहून आलेले तज्ज्ञ म्हणाले, "फार छान. वडील काय करायचे?" मयुरीचं उत्तर कूलरच्या घरघरीत गेलं. तिचे वडील बी.कॉम. होते आणि केळी पिकवण्याची त्यांची दोन मोठी चेंबर्स होती, हे अख्ख्या सावद्याला ठाऊक होतं. अध्यक्षही आत बसलेच होते.

ती बाहेर आली तेव्हा सर उभे राहिले होते. "सर, ऐन वेळी पप्पांवर काही सुचेना," ती हळूच म्हणाली. "तुमचं पाठ होतं. रागावला नाहीत ना?"

ते नाही म्हणाले आणि आत गेले. ट्रकच्या वाक्यानं सुरुवात केली तशी तज्ज्ञ म्हणाले, "हे झालं आत्ता." रात्रपाळीचं घेतलं, तेही झालेलं होतं. मग एकच वाक्य जिभेवर आलं आणि तिथेच अडकलं. ते माझ्या बापाचं आहे, असं सांगता आलं असतं. पण आत्ताच ऐकलेलं चोरून म्हणतोय असंच समोरच्यांना वाटलं असतं, आणि बापाचा पुरावा ते कुठून देणार होते? कय्युम सरांनी खडू घट्ट धरला आणि आयुष्यात पहिल्यांदा गाइडमधलं जॉन आणि मेरीचं वाक्य फळ्यावर लिहिलं. तज्ज्ञांनी घड्याळ पाहिलं.

पद मयुरीला मिळालं. वहीवाचूनही मिळालंच असतं, अशी जमीलानं त्यांची समजूत घातली, आणि ते खरंही असेल. पण तसं असेल तर वही उगीचच गेली, आणि तसं नसेल तर त्यांनी स्वतःच्या हातानं स्वतःला पाडलं. दोन्हीकडून विचार करून पाहिला तरी झोपायला जागा सापडत नव्हती. वही परत मागायचा धीर त्यांना झाला नाही, आणि परत द्यायचं तिला सुचलं नाही.

जुलैत त्यांनी पुन्हा अर्ज लिहिला, तास शिल्लक असल्यास माझा विचार व्हावा. त्यावर त्या वर्षीपासून विभागप्रमुखांचीही सही लागत होती. इंग्रजीत पूर्णवेळ एकट्याच असल्यानं विभागप्रमुख झालेल्या मयुरी मॅडमनी अर्ज वाचला, खुर्ची पुढे केली, चहा मागवला. ती मनानं वाईट मुलगी नव्हती, आणि हेच जास्त अवघड होतं.

ऑगस्टमध्ये बारावी 'अ'ला तो पाठ आला. 'ब' तुकडी मॅडमकडे होती, त्यांचा आठवडाभर आधीच झाला होता. कय्युम सरांनी खडू उचलला आणि सवयीनं फळ्यावर पहिलं वाक्य लिहिलं. पहिल्या बाकावरच्या मिसबाहनं हात वर केला.

"सर, हे मयुरी मॅडमच्या वडिलांवरचं वाक्य आहे ना? माझी चुलत बहीण 'ब'मध्ये आहे. ती सांगत होती, शिकवताना मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं."

सर्व वर्ग फळ्याकडे पाहत होता. सर वाक्याजवळ उभे होते, पहिल्या शब्दाखाली त्यांचं बोट टेकलेलं होतं.

"हो," ते म्हणाले. "मॅडमच्याच वडिलांवरचं आहे. उतरवून घ्या."